नसलेल्या माणसांची मोजणी

देवनारला आमचे एक सर स्थलांतराचा पेपर शिकवायचे. पहिल्याच तासाला ते म्हणाले, माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो, पण देश कितीही वेळा सोडू शकतो. आणि सोडला की आपण विचारायला जातो तेव्हा तो घरी नसतो. मग विचारायचं कुणाला? पुढे माझी सगळी नोकरी या एका प्रश्नापाशीच गेली. परदेशी गेलेल्या, परत आलेल्या आणि जायच्या तयारीत असलेल्या माणसांची घरोघरची सर्वेक्षणं आखायची, आणि तीही शेजारशेजारच्या अनेक देशांत एकाच पद्धतीनं, हे माझं काम. ते मला ज्यांनी शिकवलं त्यांचं ऋण कधीतरी कागदावर मांडावं, असं फार दिवस मनात होतं.

देवनारच्या आमच्या संस्थेचं नाव आज आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. १९५६ साली भारत सरकार, संयुक्त राष्ट्रसंघ आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून ती सुरू केली, आशियातल्या देशांना लोकसंख्याशास्त्र शिकलेली माणसं मिळावीत म्हणून. १९६३ साली तसंच एक केंद्र कैरोला निघालं. या दोन्ही गावांशी माझं नातं जडणार आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ग्रंथालयात के. सी. झकारिया यांचा बृहन्मुंबईतल्या स्थलांतरितांवरचा, १९६८ साली निघालेला ग्रंथ होता. सरांनी तो मला आग्रहानं वाचायला लावला. झकारिया आमच्याच संस्थेत काम केलेले, पुढे जागतिक बँकेत गेलेले आणि निवृत्तीनंतर केरळला परतून तिथलं स्थलांतर सर्वेक्षण उभं करणारे. विश्रांतीच्या वयात त्यांनी एवढं दांडगं काम अंगावर घेतलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

वर्गात नेपाळचा एक मुलगा होता. मला दिदी म्हणायचा. गोवंडी-चेंबूरच्या सोसायट्यांमधले कितीतरी वॉचमन त्याच्या ओळखीचे, बरेचसे पश्चिम नेपाळातल्या अछामकडचे. भारत-नेपाळ सीमा १९५० च्या करारापासून खुली आहे, ये-जा करायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे सीमेवर कुणाची नोंद होत नाही. तो एकदा मला म्हणाला, ‘दिदी, अछामचा माणूस सहा महिने मुंबईत असतो आणि पेरणीला गावी जातो. गावच्या घरी विचारलं तर सांगतात, भारतात गेलाय. इथे तो जिन्याखाली झोपतो, त्या जागेला घर क्रमांक नाही, त्यामुळे तुमच्याकडे तो आलेलाच नाही. आमच्याकडून गेला आणि तुमच्याकडे पोचला नाही, असा हा माणूस कुठे धरायचा?’ नेपाळच्या २०११ च्या जनगणनेत घरापासून दूर, परदेशी असलेल्यांची संख्या १९ लाखांवर नोंदली गेली. त्यातला फार मोठा हिस्सा भारतात होता. एका देशाची मोजणी कितीही चोख झाली तरी स्थलांतराचं अर्धंच चित्र हाती येतं, हे मी पाठ्यपुस्तकात वाचण्याआधी या मित्राकडून शिकले. शेजारच्या दोन देशांनी मिळून एकाच तारखेला, एकाच व्याख्येनं विचारायला हवं, असं आम्ही हॉस्टेलच्या कट्ट्यावर ठरवूनही टाकलं होतं. तारखेबद्दलचं माझं मत पुढे बदललं. व्याख्येबद्दलचं नाही.

प्रबंधासाठी मी मलप्पुरमला गेले. केरळचं पहिलं स्थलांतर सर्वेक्षण १९९८ साली झालं होतं. झकारिया आणि एस. इरुदया राजन यांनी तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमधून ते केलं. १० हजार घरांना भेटी देऊन त्यांनी अंदाज काढला, की केरळचे १३.६ लाख लोक परदेशी आहेत आणि सुमारे ७.४ लाख परत आलेले आहेत. तोवर या बाबतीत राज्यात फारशी पक्की माहिती नव्हती. त्या परत आलेल्यांच्या आकड्यानं मला जागं केलं. आपण सगळे गेलेल्यांच्या गोष्टी करतो, परतलेल्यांकडे कुणाचं लक्ष नसतं. पुढे दर काही वर्षांनी हे सर्वेक्षण होत राहिलं. २००८ साली परदेशी असलेल्यांचा आकडा जवळपास २२ लाखांवर गेला, २०१८ साली तो २१ लाखांच्या घरात उतरलेला दिसला. तेच प्रश्न, तीच व्याख्या, पुन्हा पुन्हा. म्हणून तर चढ आणि उतार दिसले.

मलप्पुरमला माझ्याबरोबर फिरणाऱ्या चेची, म्हणजे मल्याळममधल्या ताई, घरोघरच्या मुलाखती घेण्यात मुरलेल्या होत्या. त्यांच्याकडून मी दोन गोष्टी घेतल्या. शुक्रवारी आखातात सुट्टी, म्हणून फोन शुक्रवारी येतो. तेव्हा घरी शनिवारी जायचं, माहिती ताजी असते. आणि सुनेला किती पैसे आले ते सासूसमोर विचारायचं नाही. दुसरी गोष्ट मला वाटली त्याहून खोल निघाली. एकाच घरात दोघींना वेगवेगळे आकडे ठाऊक असतात, दोन्ही खरे असतात, कारण मुलगा दोघींना वेगवेगळे पैसे पाठवतो. माहिती कुणी दिली त्याची नोंद ठेवल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आज मी आखलेल्या प्रत्येक प्रश्नावलीत, प्रत्येक भागाच्या शेवटी ‘उत्तर देणाऱ्याचं स्थलांतरिताशी नातं’ असा एक चौकोन असतो. तो चौकोन चेचींचा आहे.

आमच्या क्षेत्रात १९९७ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं काढलेला एक जाड ग्रंथ सगळ्यांच्या टेबलावर असायचा. रिचर्ड बिल्सबरो, ग्रेम ह्यूगो, ए. एस. ओबेराय आणि हानिया झ्लोट्निक यांनी लिहिलेला. त्यातलं एक म्हणणं मी कायमचं घेतलं: नुसत्या गेलेल्यांना विचारून ते का गेले हे कळत नाही, त्याच गावातले, त्याच वयाचे, न गेलेलेही विचारात घ्यायला हवेत, आणि जमल्यास पोचलेल्या देशातही जाऊन विचारायला हवं. त्याच सुमारास डच लोकसंख्या संस्थेनं युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयासाठी असा प्रयोग केला. तुर्कस्तान, मोरोक्को, इजिप्त, सेनेगल आणि घाना या पाच देशांत घरोघरी विचारलं. पलीकडे इटलीत इजिप्त आणि घानाच्या लोकांना, स्पेनमध्ये मोरोक्को आणि सेनेगलच्या लोकांना विचारलं. गेलेल्यांची दोन्ही टोकं एका दोरीत बांधायचा तो गंभीर प्रयत्न होता.

कैरोला मी पोचले ती भूमध्य समुद्राच्या दक्षिण आणि पूर्व काठावरच्या देशांसाठी जी एकत्र सर्वेक्षणं ठरत होती, त्यांच्या नमुना निवडीच्या कामासाठी. ‘मेड-हिम्स’ हे त्या उपक्रमाचं आखूड नाव. युरोपीय आयोग, जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या, निर्वासित आणि श्रम या विषयांच्या संस्था, आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना आणि अरब लीग असे अनेक हात त्यात होते. मुख्य तांत्रिक सल्लागार होते समीर फरीद. इजिप्त, जॉर्डन, मोरोक्को, ट्युनिशिया, अल्जीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईन अशा देशांच्या सांख्यिकी कार्यालयांनी स्वतः सर्वेक्षण करायचं, पण नमुना प्रश्नावली, व्याख्या, संकेतांक आणि प्रशिक्षणाची पुस्तिका सगळ्यांची एक. ही वाट आधी मळलेली होती. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या जागतिक प्रजनन सर्वेक्षणानं चाळीसहून अधिक विकसनशील देशांत याच तऱ्हेनं काम केलं होतं. पण तिथे ज्या बाईला प्रश्न विचारायचा ती घरी असायची. इथे ज्याच्याबद्दल विचारायचं तोच समुद्रापलीकडे.

तिथे मला दोक्तोरा भेटल्या. सगळेच त्यांना दोक्तोरा म्हणायचे, मीही तसंच म्हणू लागले. निवृत्त संख्याशास्त्रज्ञ. १९८० च्या इजिप्तच्या प्रजनन सर्वेक्षणात तरुणपणी नाईलच्या त्रिभुज प्रदेशातली गावं पायी तुडवलेल्या. बैठकीत त्या फारसं बोलत नसत. समोर एक लांब वही असे, तीत प्रत्येक देशाच्या हरकती वेगळ्या पानावर लिहून घेत. मला ‘या बिन्ती’ म्हणून हाक मारायच्या, लेकीला मारावी तशी. मी आज जे काही आहे त्यातला सर्वांत मोठा वाटा या बाईंचा आहे, आणि हे मी अतिशयोक्तीनं लिहीत नाही.

एकत्र सर्वेक्षण आखणं म्हणजे काय, ते त्या टेबलाभोवती बसल्यावर समजतं. इजिप्तचा स्थलांतरित बहुधा एकटा पुरुष. सौदी अरेबिया, कुवेत, लिबिया, जॉर्डन इथे कामाला गेलेला, बायकामुलं गावातच. त्याच्या घरी उत्तर द्यायला माणूस आहे. मोरोक्कोची गोष्ट उलटी. १९६० च्या दशकात फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्सला पुरुष गेले आणि पुढे बायकामुलंही त्यांच्यामागे गेली. अशा घराला कुलूप असतं. सगळं कुटुंब गेलं की त्यांच्याबद्दल सांगणारं कुणी मागे उरत नाही आणि सर्वेक्षणातून ते घर जणू कधी नव्हतंच. जॉर्डनचं दुखणं तिसरंच. तिथून लोक आखातात जातात, इजिप्तचे मजूर तिथे शेतात आणि बांधकामावर येतात, आणि वर सीरियातून जीव घेऊन आलेली माणसं. २०१२ च्या जुलैत त्यांच्यासाठी तिथे झातरीची छावणी उघडली. मोरोक्कोला युरोपबद्दल सविस्तर प्रश्न हवेत, जॉर्डनला निर्वासितांबद्दल, इजिप्तला आखाती कंत्राटांबद्दल. प्रत्येकाची मागणी रास्त. पण सगळ्यांचं ऐकलं तर प्रश्नावली इतकी फुगेल, की उत्तर देणारी बाई चूल टाकून किती वेळ बसणार?

दोक्तोरांनी यावर जो मार्ग धरला तो मी पुढे कुठेही सोडला नाही. गाभ्याचे प्रश्न कुणीही बदलायचे नाहीत, शब्दसुद्धा हलवायचा नाही. प्रत्येक देशानं आपल्या गरजेचा भाग त्याला जोडायचा. भाग असे: घरातल्या सर्वांची यादी, सध्या परदेशी असलेले, परतलेले, कुठेच न गेलेले, सक्तीनं हुसकावले गेलेले, घराची आर्थिक स्थिती. जॉर्डननं सक्तीच्या स्थलांतराच्या भागावर भर द्यावा, इजिप्तनं सध्या बाहेर असलेल्यांच्या, पण घरयादीचं पान सगळीकडे एकच. त्या म्हणायच्या, ‘तारीख हुकली तर आपण सांभाळून घेऊ, व्याख्या हुकली तर सगळं फुकट.’ त्यांचं म्हणणं खरं ठरलं. इजिप्तचं सर्वेक्षण २०१३ साली झालं, जॉर्डनचं २०१४, मोरोक्कोचं २०१८-१९, ट्युनिशियाचं तर २०२०-२१, कोविडच्या काळात. सगळीकडे एकाच वर्षी विचारायचं, हे कुणालाच जमलं नाही. पैसा, सरकारं, उठाव, महामारी, काय काय आडवं आलं. तरीही हे देश एकमेकांशेजारी ठेवून वाचता येतात, ते त्या न हललेल्या पानांमुळे.

नमुना निवडीचा प्रश्न माझा होता, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त लिहिते. स्थलांतर ही संख्याशास्त्राच्या भाषेत विरळ घटना आहे. गावात शंभर घरं घ्या, बहुतेक घरांतून गेल्या काही वर्षांत परदेशी कुणीच गेलेलं नसतं. साध्या पद्धतीनं घरं निवडली तर मुलाखती घेऊन घेऊन दमाल आणि स्थलांतरित हाताशी येतील मोजके. त्यासाठी दोन उपाय. एक, ज्या भागांतून माणसं जास्त जातात ते भाग आधी ओळखून तिथून जास्त वस्त्या घ्यायच्या. दोन, निवडलेल्या वस्तीत आधी भराभर प्रत्येक घराला एवढंच विचारायचं, तुमच्यातलं कुणी बाहेर आहे का, कुणी परत आलंय का. आणि मग ‘हो’ म्हणणाऱ्या घरांतून जास्त, ‘नाही’ म्हणणाऱ्यांतून कमी घरं सविस्तर मुलाखतीला निवडायची. हिशेब करताना प्रत्येक घराला त्याच्या निवडीच्या शक्यतेप्रमाणे उलटा भार द्यायचा, म्हणजे चित्र वाकडं होत नाही. एवढं करूनही इजिप्तमध्ये सुमारे ९० हजार घरं घ्यावी लागली.

कागदावर हे सुरेख दिसतं. पण सगळी भिस्त त्या पहिल्या भराभर विचारलेल्या प्रश्नावर. तिथेच बाई ‘नाही’ म्हणाली तर पुढचं गणित उभंच राहत नाही. आणि नाही म्हणायला तिला कारणं असतात. मुलगा कागदपत्रांशिवाय नावेतून गेलेला असतो. विचारणारा पोलीस आहे की कर गोळा करणारा, हे तिला माहीत नसतं. दोक्तोरांनी मला सांगितलं, ‘तुझी घरयादी तू ऑफिसात आखतेस, या बिन्ती. दारात येऊन आख.’ आणि त्या मला खरंच घेऊन गेल्या.

पूर्वचाचणीसाठी आम्ही त्रिभुज प्रदेशात फिरलो. मक्याची आणि भाताची शेतं, कालवे, लाल विटांची घरं, पुढच्या मजल्यासाठी गच्चीवर सोडलेल्या लोखंडी सळया. मुलाखत घेणाऱ्या मुलींना दोक्तोरांची सक्त ताकीद होती: सळया बघून अंदाज बांधायचा नाही, विचारायचं. आधी पिकांची, पाण्याची, मुलांच्या शाळेची चौकशी. मग घरातल्या माणसांची यादी. मग ‘पूर्वी इथे राहायचं आणि आता नाही असं कुणी?’ मग ‘बाहेरून पैसे येतात का?’ मग सरळ, ‘परदेशी कोण आहे?’ तीन वेगवेगळ्या जागी, तीन वाटांनी एकच गोष्ट. पहिल्या दोन वेळी नाही म्हणालेल्या बाया तिसऱ्या वेळी हो म्हणताना मी पाहिल्या. कागदपत्रं होती का, कुठल्या वाटेनं गेला, दलालाला किती दिले, हे सगळं अगदी शेवटी, आणि हे सांगितलं नाही तरी चालेल असं आधी सांगून.

तारखा कुणालाच आठवत नाहीत, म्हणून त्यांनी घटनांची एक पट्टी करवून घेतली होती. कुवेतवरचं आक्रमण, ज्यात इराक-कुवेतमधून इजिप्शियन मजुरांचे लोंढे परतले. २००३ ची इराकची लढाई. २०११ च्या जानेवारीतलं कैरोच्या तहरीर चौकातलं आंदोलन. मग लिबियातलं युद्ध. ‘तो गेला तेव्हा तहरीर झालं होतं का?’ असं विचारलं की वर्ष बरोबर बाहेर येई. मोरोक्कोच्या लोकांनी हीच पद्धत उचलली आणि आपल्या घटना घातल्या.

दुसरी एक अडचण मला ऑफिसात सुचलीच नसती. गेलेला मुलगा बापाच्या घरीही सांगितला जातो आणि गल्लीच्या टोकाला वेगळं राहणाऱ्या त्याच्या बायकोच्या घरीही. दोन घरांनी एकच माणूस दोनदा दिला. त्यावर नियम ठरला, की जाण्याआधी तो ज्या घरात राहायचा त्याच घरी त्याची नोंद. वाचायला एवढंसं वाटतं. पण हा नियम इजिप्तनं एक आणि जॉर्डननं दुसरा घेतला असता तर दोन्ही देशांच्या आकड्यांची तुलना आपण करूच शकलो नसतो, आणि कुणाला कळलंही नसतं.

एका घरी आम्हाला म्हाताऱ्या आजी भेटल्या. मुलाखत घेणारी मुलगी त्यांना आदरानं ‘हागा’ म्हणत होती. मुलगा लिबियाला गेलेला, युद्धाच्या आधी. पुढे त्याचा फोन नाही, निरोप नाही. मुलगी नियमाप्रमाणे विचारत गेली: सध्या कोणत्या देशात? काम करतो का? पैसे पाठवतो का? परतायचा विचार आहे का? आजी प्रत्येक प्रश्नाला थांबून, विचार करून ‘अल्ला जाणे’ म्हणत होत्या. एकाही प्रश्नावर त्या चिडल्या नाहीत. उलट मुलगी अडखळली तेव्हा ‘विचार, विचार’ असं म्हणाल्या. दोक्तोरांनी मुलीच्या हातावर हात ठेवला, प्रश्नावली मिटायला सांगितली आणि त्या आजींशी बोलत बसल्या. मुलाचं वय, त्याचा स्वभाव, त्याला काय आवडायचं. हे काहीच कुठल्या रकान्यात जाणारं नव्हतं.

परतताना गाडीत मी विचारलं, या माणसाला ‘सध्या परदेशी’ मध्ये धरायचं का? दोक्तोरा म्हणाल्या, ‘धरायचं. त्याची आई धरते ना? आणि जिथे जिथे घरचं माणूस दुसऱ्याबद्दल उत्तर देतंय, तिथे “ठाऊक नाही” ला स्वतःचा संकेतांक दे. रिकामी जागा सोडायची नाही. ठाऊक नाही हेही उत्तर आहे, ते देणाऱ्याला कमीपणा वाटता कामा नये.’ पुढे सर्व देशांच्या प्रतिनिधींसमोर हा मुद्दा मी मांडला. काहींना वाटलं, यानं माहिती ढिली होईल. मी त्या आजींची मुलाखत सांगितली आणि संकेतांक राहिला. त्या आजींना आम्ही काही दिलं नाही, देऊ शकत नव्हतो. त्यांनी मात्र त्या दुपारी आम्हाला पुदिन्याचा चहा दिला आणि माझ्या कामाची एक अख्खी बाजू सरळ केली.

मला त्या घरात दाभोळच्या खालाची फार आठवण झाली. लहानपणी आम्ही दापोली तालुक्यात राहत होतो. खाला माझ्या मैत्रिणीची आई, मैत्रिणीचे अब्बा कुवेतला. त्यांची कॅसेट आली की आम्हा मुलांना बाहेर पिटाळून खाला दार लावून ती ऐकायची. कोकणातल्या मुसलमान वस्त्यांतून माणसं आखातात आणि त्याआधी आफ्रिकेत, बोटीवर जातच आली आहेत. गोव्यातून तर पिढ्यान् पिढ्या. झकारिया-राजन जोडीनं २००८ साली गोव्याचाही स्थलांतर अभ्यास केला. आमच्या गल्लीत खालाकडे अशी चौकशी करायला कुणी आल्याचं मी पाहिलं नाही. कुणी आलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं, हा विचार करतच मी प्रत्येक प्रश्न लिहिते. तिला जो प्रश्न विचारता आला नसता तो मी कुठल्याच बाईला विचारायला लावत नाही.

इजिप्तचे निष्कर्ष आले तेव्हा सध्या परदेशी असलेले जवळजवळ सगळे पुरुष, आणि बहुतेक अरब देशांतच गेलेले, असं दिसलं. युरोपच्या वर्तमानपत्रांत तेव्हा होड्यांतून येणाऱ्यांची चर्चा, जणू सगळा उत्तर आफ्रिका समुद्र ओलांडायला निघालाय. प्रत्यक्षात इजिप्तचा माणूस शेजाऱ्याकडे कामाला जात होता. ही गोष्ट निव्वळ सीमेवरच्या नोंदींतून किंवा पलीकडच्या देशाच्या आकड्यांतून दिसली नसती. ती घराघरांतल्या बायकांनी सांगितली. धोरणं ठरवणाऱ्यांनी हे आकडे किती मनावर घेतले याबद्दल माझी तक्रार आहे, पण आकडे आहेत आणि खरे आहेत, याचं समाधान मोठं आहे.

मी महाराष्ट्रात परतल्यावरही दोक्तोरांचा सल्ला सुटला नाही. मी आता विद्यार्थ्यांना सर्वेक्षण शिकवते. गेल्या वर्षी त्यांच्या हातून एक प्रश्नावली तयार झाली, ती मी दोक्तोरांना पाठवली. डोळे अधू झालेत, म्हणून त्यांनी नातवाकडून वाचून घेतली आणि फोनवर दुरुस्त्या सांगितल्या. पहिली दुरुस्ती अशी, की पैशांचा प्रश्न फार लवकर आलाय. मानधनाचं विचारलं तर रागावल्या. देवनारच्या सरांचा पत्ता मात्र मला आता लागत नाही. नेपाळचा मित्र काठमांडूत आहे आणि अजूनही भारत-नेपाळनं एकत्र मोजणी करावी म्हणून अर्ज लिहीत असतो. त्याचं म्हणणं रास्त आहे. आपल्या शेजारी देशांशी मिळून असं एकच पान धरलेलं सर्वेक्षण आपल्याकडे व्हायला हवं. त्यासाठी लागणारी विद्या देवनारलाच शिकवली जाते.

२०२७ च्या जनगणनेच्या निमित्तानं आपल्या दारांवर प्रगणक येतील. एरवीही कधी आरोग्याच्या, कधी रोजगाराच्या, कधी स्थलांतराच्या सर्वेक्षणाची मुलं येतात. दुबईला, मस्कतला, लंडनला, न्यू जर्सीला माणूस असलेल्या रत्नागिरीच्या, सिंधुदुर्गच्या, गोव्याच्या, पुण्याच्या घरांना माझी एवढीच विनंती आहे: दारातूनच ‘वेळ नाही’ म्हणू नका. ओळखपत्र बघा, बसायला सांगा, पाणी द्या. जे माहीत आहे ते सांगा, आणि जे माहीत नाही ते ‘ठाऊक नाही’ म्हणून लिहून घ्यायला सांगा.